नऊ किलोमीटर चाललेली गाडी

ब्योन जोंगमान दहा वर्षं त्या गाडीला नावं ठेवत होता, आणि अकराव्या वर्षी त्याने ती घेतली.

नावं ठेवण्यातही त्याची एक शिस्त होती. किंपो शहरात त्याचा न्हाणीघरात घालायच्या रबरी चपलांचा कारखाना. दर वर्षी त्या जर्मन कंपनीने आपल्या स्पोर्ट्स कारचा नवा भाव जाहीर केला, की जोंगमान कचेरीत कॉफीचा कागदी पेला घेऊन उभा राही आणि समोर सापडेल त्याला सुनावत असे. गाडी बारा कोटी वॉनला होती तेव्हा तो म्हणाला, "बारा कोटी? आणि मागच्या सीटवर जागा मांजराची! घेणाऱ्यांच्या अकलेची कीव येते मला." पंधरा कोटी झाली तेव्हा म्हणाला, "आता पडतोय बघा भाव." अठरा झाली तेव्हा म्हणाला, "हा निव्वळ फुगा आहे, फुटणार." फुगा काही फुटला नाही. तो फुगत फुगत तेवीस कोटींना जाऊन टेकला. एवढ्या पैशात किंपोत जुन्या इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट येतो, आणि फ्लॅटात माणसाला निदान पाय लांब करून झोपता येतं.

पण जी वस्तू बारा कोटींना महाग वाटत होती, तीच तेवीस कोटींना जोंगमानला एकदम स्वस्त वाटू लागली. हा चमत्कार प्यो दालसूने घडवला.

दालसू त्याचा शाळासोबती. गावाकडे त्याचे लग्नाचे दोन हॉल होते, आणि गालांवर सदैव नुकतंच जेवून उठल्याचं तेज. वसंतातल्या स्नेहभोजनाला तो सगळ्यांसमोर म्हणाला, "सोळा कोटींना घेतली, तीन वर्षं मनसोक्त उडवली आणि एकोणीसला विकली. म्हणजे बघा, गाडी फुकट, वर तीन कोटी हातात. आणि आपले काही मित्र तेव्हा मला येडा म्हणत होते."

सगळ्यांनी जोंगमानकडे पाहिलं. जोंगमानने ताटातल्या मुळ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून त्याला झोप लागेना.

घरी मात्र अडचण होती. अडचणीचं नाव हेसुक. हेसुक त्याची बायको, आणि बावीस वर्षं पतपेढीच्या काउंटरवर बसलेली बाई. अशा बायकांना गोड बोलून फसवता येत नाही, कारण गोड बोलणारे नवरे काउंटरच्या पलीकडून त्यांनी रोज पाहिलेले असतात. दोघांच्या नावावर मोठी ठेव होती आणि ती मोडायला दोघांच्या सह्या लागत. ती ठेव होती नामहे बेटावरच्या घरासाठी. हेसुकचं माहेर तिथलं. म्हातारपणी तिथे घर, मागे लसणाचा वाफा, आणि जमलं तर खिडकीतून समुद्र, एवढंच तिचं मागणं होतं.

जोंगमानने दोन आठवडे तयारी केली आणि एका रविवारी सकाळी भाताबरोबर विषय वाढला.

"हा खर्च नाही, गुंतवणूक आहे," तो म्हणाला. "भाव दर वर्षी वाढतोच आहे. दोन वर्षं ठेवायची, विकायची. ठेवीवर काय मिळतं? चिमूटभर. इथे पोतं मिळेल. मग टेकडीमागचं घर कशाला? समुद्रासमोरचं घेऊ."

हेसुकने चमचा खाली ठेवला. "म्हणजे ही गाडी नाहीच. ठेव आहे."

"ठेवच!"

"ठेव मोडून ठेव करायची."

"अगदी बरोबर बोललीस."

"जास्त चालवलेल्या गाडीला जास्त भाव येतो की कमी चालवलेलीला?"

आता या प्रश्नात सापळा आहे हे चौथीतल्या पोराला कळलं असतं. पण जोंगमानचं मन तेव्हा पश्चिम किनाऱ्याच्या रस्त्यावर दोनशेच्या वेगाने धावत होतं. "अर्थात कमी चालवलेलीला!" तो उत्साहाने म्हणाला. "नऊ-दहा किलोमीटरवालीला तर लोक नवीपेक्षा जास्त देतात. नवीसाठी वर्षभर थांबावं लागतं ना!"

"मग झालं तर," हेसुक म्हणाली आणि उठून कागद घेऊन आली. "लिहा कबुलीपत्र."

"कसलं?"

"की विकेपर्यंत गाडी चालवणार नाही. ठेवीच्या पावतीवर बसून कुणी बाजारात जात नाही."

जोंगमानने बाजू मांडली. गाडी ही चालवण्यासाठी असते, इंजिनाला व्यायाम लागतो, माणसालाही थोडा आनंद लागतो. हेसुक म्हणाली, "आनंद पाहिजे असेल तर आनंद घ्या, माझी सही मागू नका. गुंतवणूक पाहिजे असेल तर लिहा." शेवटी त्याने लिहिलं. एक किलोमीटर चालवली तर एक आठवडा भांडी, असं कलमही तिने घालायला लावलं, आणि लाल शाईत अंगठा बुडवून खाली उठवून घेतला. पुढे मन वळवता येईल, अशी त्याची समजूत होती. एकतीस वर्षांच्या संसारात हेसुकचं मन एकदाही वळलेलं नव्हतं, पण लाल स्पोर्ट्स कार डोळ्यांसमोर असली की माणूस इतिहास विसरतो.

वर्षभर थांबल्यावर गाडी आली. ट्रकवरून आली, आणि कंपनीच्या माणसाने ती तळघरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये नेऊन लावली. हेसुकने आत वाकून आकडा पाहिला आणि वहीत टिपला. नऊ किलोमीटर. मग तिने विकत आणलेली राखाडी खोळ तिच्यावर चढवली आणि दोघं लिफ्टने चौदाव्या मजल्यावर गेली. तेवीस कोटींच्या गाडीचा पहिला प्रवास तिथेच संपला.

जोंगमान आपल्या जुन्या सेडानमधून कारखान्यात जात राहिला. पण संध्याकाळी घरी वर जाण्याआधी तो तळघरात थांबे. खोळीची एक बाजू उचलून आत शिरायचा, दार उघडायचा, सीटवर बसायचा आणि खोळ पुन्हा खाली सोडायचा. चालवणार नाही असं लिहून दिलं होतं, बसणार नाही असं नव्हतं. आत बसून तो रेडिओ लावी, स्टीअरिंगवर हात ठेवी आणि खोळीच्या राखाडी कापडाकडे पाहत मनातल्या मनात वळणं घेई. कधी तोंडाने गिअरचा आवाजही काढी. अठ्ठावन्न वर्षांचा कारखानदार तेवीस कोटी घालून नेमकं तेच करत होता, जे सहा वर्षांचं पोर खुर्ची उलटी करून फुकट करतं.

एका रविवारी दुपारी खोळीवर टकटक झाली.

"आत कोण आहे?" आवाज पहारेकरी मोकाकांचा होता.

"मी आहे. ब्योन. चौदावा मजला."

मग मोकाका अगदी हळुवार आवाजात म्हणाले, "साहेब, असं करू नका. आयुष्यात चढउतार असायचेच."

"अहो, मी नुसता बसलोय!"

"सगळे असंच म्हणतात. बाहेर या. मी कॉफी घेऊन आलोय मशीनमधली. वहिनींशी काही वाजलंय का?"

जोंगमान खोळीतून रांगत बाहेर आला. मोकाकांनी त्याच्या हातात कॉफी दिली, पाठीवरून हात फिरवला, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी ते त्या खोळीभोवती एक फेरी जास्त मारू लागले. लिफ्टमधल्या बायका जोंगमानकडे कणवेने बघू लागल्या त्या त्याच आठवड्यापासून.

एवढ्यावर भागलं असतं. पण शाळा सोडल्याला चाळीस वर्षं झाल्याचा समारंभ ऑक्टोबरअखेरीस ठरला. दोकसानच्या गरम झऱ्याशेजारच्या हॉटेलात, शनिवारी दुपारी. वर्गाच्या ग्रुपवर दालसूने विचारलं, "कोण कोण येतंय?" आणि जोंगमानचा अंगठा, जो एरवी फक्त लाल शाईत बुडायचा, तो मोबाइलवर घसरला. त्याने आपल्या गाडीच्या स्टीअरिंगचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "मी येतोय. आणि ही पण."

बत्तीस जणांनी टाळ्यांची चित्रं टाकली. दालसूने उशिरा, एकच टाळी टाकली. त्या एकट्या टाळीने जोंगमानला जे सुख झालं, ते तेवीस कोटींतून मिळालेलं आजवरचं एकमेव सुख होतं.

"एकशे वीस किलोमीटर जायला, एकशे वीस यायला," हेसुक म्हणाली. "दोनशे चाळीस आठवडे भांडी. साडेचार वर्षं. चालेल तुम्हाला?"

"अगं, सगळ्यांना सांगून बसलोय!"

"मग न्या की. मी कुठे नको म्हणते? फक्त चाकं फिरता कामा नयेत."

"चाकं न फिरता गाडी कशी न्यायची?"

"आली तशी. ट्रकवर. आपला योम ट्रॅक्टर वाहतो, त्याला सांगते. घरचा माणूस आहे, डिझेलवर येईल."

योम हा हेसुकचा मावसभाऊ. तो शनिवारी सकाळी साडेआठला आला. ट्रकच्या फळ्यांना भाताचा पेंढा आणि चिखल चिकटलेला होता. "दाजी, कुठे आहे तुमचा ट्रॅक्टर?" तो म्हणाला.

ट्रक तळघरात मावत नव्हता, म्हणून गाडी वर आणायला हवी होती. जोंगमानने खोळ काढली, बटण दाबलं. गाडीने एक सुस्कारा सोडला आणि गप्प झाली. महिनाभर रोज रेडिओ ऐकून बॅटरी मेली होती. मोकाकांनी आपली छोटी गाडी आणून तारा जोडल्या, तेव्हा कुठे इंजिन सुरू झालं, आणि ते असं गरजलं की दोन मजले तळघर दणाणलं. शेजारच्या तीन गाड्यांचे भोंगे आपसूक वाजू लागले. जोंगमान चढावरून वर आला. नव्वद मीटर. त्याच्या मालकीच्या काळातला हा गाडीचा सगळ्यात लांबचा प्रवास होता, आणि तो डोळे ओलावून चालवत होता. वर पोचताच हेसुक म्हणाली, "बंद करा आता, उगाच पेट्रोल." त्याने बंद केली. योमच्या दोरखंडांनी ती ट्रॅक्टरसारखी आवळली गेली.

जोंगमानचा बेत मात्र तयार होता. पश्चिम समुद्रावरचा लांब पूल ओलांडताना, सुक्या माशांचा वास मारणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून, त्याने योमला तो समजावला. "हॉटेलच्या अलीकडे दोनशे मीटरवर पेट्रोल पंप आहे. त्याच्यामागे उतरवायची. दोनशे मीटर मी चालवत जाईन, झोकात. तू पंपावरच थांब. परत येताना मी पुन्हा इथवर आणेन."

"ताईला कळलं तर?"

"जाऊन-येऊन चारशे मीटर म्हणजे तीन दिवसांचीच भांडी होतात. आणि तिला सांगणार कोण?"

"मी," योम प्रामाणिकपणे म्हणाला. मग सिगरेटच्या चार पाकिटांवर त्याची स्मरणशक्ती कमी झाली.

पंपामागे ट्रक लागला. योमने दोर सोडले, फळ्या लावल्या. जोंगमान गाडीत बसला, केस सारखे केले, गॉगल चढवला आणि बटण दाबलं. पुन्हा तोच सुस्कारा. दोन मिनिटांच्या चढणीत बॅटरी काय कपाळ भरणार होती?

"तुझ्या ट्रकवरून तारा जोड!"

"माझी चोवीस व्होल्टची, तुमची बाराची. जोडली तर मटण भाजून निघेल दाजी. आणि वीज नाही तर चाकं पण सुटायची नाहीत, ढकलता येणार नाही."

जोंगमानने विमा कंपनीला फोन केला. पोरगा पाठवतो, तासभर लागेल, असं उत्तर आलं. तो गॉगल लावून ट्रकवरच्या गाडीत तसाच बसून राहिला, आणि तेवढ्यात पंपावर पेट्रोल भरायला एक पांढरी गाडी थांबली. तिच्यातून वर्गाचा खजिनदार शिम उतरला.

शिमने मान वर करून पाहिलं. लाल गाडी पाहिली, चिखलाचा ट्रक पाहिला, वर बसलेला गॉगलवाला पाहिला.

"अरे जोंगमान! नवी कोरी गाडी बंद पडली?"

आता माणसापुढे दोन वाटा होत्या. खरं सांगायचं, की गाडी ठणठणीत आहे, पण बायको चालवू देत नाही, तसं अंगठा उठवून लिहून दिलंय, आणि मी रोज खोळीत बसून तोंडाने गिअर टाकतो. नाहीतर खोटं सांगायचं. जोंगमानने अर्धा सेकंदसुद्धा विचार केला नाही.

"रस्त्यात दगा दिला रे," तो म्हणाला. "तेवीस कोटी मातीत!"

शिमने हळहळत जीभ चुकचुकवली आणि लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्यामुळे योमचा ट्रक हॉटेलसमोर शिरला, तेव्हा पायऱ्यांवर चाळीसएक माणसं हात पुढे बांधून गंभीरपणे उभी होती, जशी शववाहिकेसाठी उभी राहतात. कुणीतरी जोंगमानला हात देऊन खाली उतरवलं. कुणीतरी पाणी आणलं. "धीर सोडू नकोस," एक जण म्हणाला. "गाडीच आहे, माणूस तर बचावला ना," दुसरा म्हणाला.

जेवायला बसल्यावर जोंगमानच्या लक्षात एक विलक्षण गोष्ट आली. तो गाडीला जेवढ्या शिव्या घालेल, तेवढे लोक त्याच्यावर प्रेम करत होते. "नुसता डबा आहे," तो म्हणाला, तर त्याच्या ताटात भाजलेल्या बरगडीचा सगळ्यात मोठा तुकडा पडला. "भाव दुप्पट, माल निम्मा," तो म्हणाला, तर तीन दिशांनी तीन पेले पुढे आले. दहा वर्षांचा सराव होताच. बारा कोटींपासूनची सगळी भाषणं त्याने क्रमाने म्हणून दाखवली. ज्यांना अशी गाडी सात जन्मांत परवडली नसती, ते माना डोलावत म्हणाले, "म्हणूनच आम्ही घेतली नाही." चाळीस वर्षांत वर्गाचं असं एकमत कधी झालं नव्हतं. दुसऱ्याची तेवीस कोटींची गाडी ट्रकवर चढलेली पाहून जो जिव्हाळा दाटून येतो, तो चालणाऱ्या गाडीने कुठला यायला?

तेवढ्यात विमा कंपनीचा पोरगा आला आणि दारातूनच ओरडला, "बॅटरी मेलेली लाल गाडी कुणाची?"

जोंगमान घास टाकून धावला. त्याने पोराला कोपऱ्यात ओढलं. "बॅटरी म्हणायचं नाही. मोठा बिघाड म्हणायचं."

"पण काका, बॅटरीच तर आहे. गाडी चालवत नाही ना तुम्ही?"

जोंगमानने त्याच्या खिशात पन्नास हजारांची नोट घातली. पोरगा कलावंत निघाला. खिडकीतून पाहणाऱ्या सगळ्या वर्गासमोर तो ट्रकवर चढला, दिवा लावून गाडीच्या पोटात बराच वेळ पाहिलं, मग टोपी काढली आणि इतक्या सावकाश मान हलवली की शिमच्या घशात घास अडकला.

शिम तसा कामाचा माणूस. वर्गाचा एक मदतनिधी होता. कुणाचे आईवडील गेले की त्यातून पांढऱ्या पाकिटात पैसे द्यायचे अशी पद्धत. शिमने उठून घसा साफ केला. "नियमात गाडी बसत नाही," तो म्हणाला, "पण दुःख ते दुःख." पाच लाख वॉनचं पांढरं पाकीट त्याने दोन्ही हातांनी पुढे केलं. जोंगमानने दोन्ही हातांनी घेतलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. नाही म्हणण्याची सोय त्याने केव्हाच घालवली होती.

एकटा दालसू गप्प होता. जोंगमान त्याच्या टोमण्याची वाट पाहत होता, पण टोमणा आलाच नाही. जेवणानंतर सगळे गरम झऱ्याच्या कुंडात उतरले, आणि दालसू पाण्यातून सरकत सरकत त्याच्याशेजारी येऊन बसला. डोक्यावर घडी घातलेला टॉवेल, गाल लालबुंद.

"तुला एक सांगतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "कुणाला बोलू नकोस. मी ती एकोणीसला विकली नव्हती."

"मग?"

"साडेअकराला."

जोंगमानच्या नाकात पाणी गेलं.

"ठोकली होती मागून एकदा. वर माझी कंबर. त्या गाडीतून बाहेर यायला मला रोज हॉलवरचे दोन वाढपी लागायचे. आणि टायर, विमा, कर... अरे, काय सांगू. पण लोकांना काय सांगणार? साडेचार कोटी बुडवले म्हणून? मग म्हटलं तीन कोटी कमावले. ऐकायला बरं वाटतं." त्याने सुस्कारा टाकला. "आज तू सगळ्यांसमोर खरं बोललास. तेवढी छाती माझ्यात नव्हती लेका."

खरं बोलल्याबद्दल जोंगमानची आयुष्यात पहिल्यांदाच स्तुती झाली होती, आणि ती नेमकी या प्रसंगी. त्याने डोकं पाण्याखाली घातलं.

पण परतीच्या वाटेवर, मावळत्या उन्हात पुलावरून जाताना, त्याला हळूहळू हायसं वाटू लागलं. गुंतवणूक वगैरे सगळं झूट होतं तर! म्हणजे आता घरी जायचं, हेसुकला खरं काय ते सांगायचं. विकताना भाव वाढतो ही थाप होती, दालसूने मारलेली. मग ठेव नाही तर ती गाडी आहे, आणि गाडी आहे तर चालवायला काय हरकत आहे? ती चिडेल, आठवडाभर बोलणार नाही. पण त्या आठवड्यात तो किनाऱ्याच्या रस्त्यावर असेल. त्याने दोनदा मनात वाक्य घोळवलं. मागे ट्रकवर गाडी हिंदकळत होती. पोराने गुपचूप चार्ज केलेली बॅटरी आता चांगली होती.

हेसुक इमारतीखालीच उभी होती. तिने आकडा पाहिला, मान डोलावली आणि हसली. हेसुकचं हसणं इतकं दुर्मिळ होतं, की योमने घाबरून सिगरेटची पाकिटं खिशात दडवली.

"अहो, ऐकलंत का?" ती म्हणाली. "कंपनीने आज पुन्हा भाव वाढवला. आणि तुम्ही म्हणालात तसंच झालंय, दहा किलोमीटरच्या आतल्या गाडीला पंचवीस मागताहेत. दुपारभर मी बसून सगळ्या जाहिराती वाचल्या."

"अगं, त्याचंच मला..."

"थांबा, आधी माझं ऐका. एकतीस वर्षांत मी तुम्हाला कधी म्हटलं नाही, पण आज म्हणते. तुमचंच बरोबर होतं. मी उगाच संशय घेतला." तिने त्याचा हात धरला. भर रस्त्यात, योमसमोर. "म्हणून मी माझ्या एकटीच्या नावावरची ठेवही मोडली. एका माणसाने ऐनवेळी रद्द केलेली गाडी होती, लगेच मिळत होती. निळी. बयाणा भरून टाकला. आता टेकडीमागचं घर नकोच. अगदी समुद्रासमोर घेऊ, मी भावाला फोनही केला."

जोंगमानने तोंड उघडलं. आतमध्ये दालसूचे साडेअकरा कोटी जिभेवर येऊन उभे होते. समोर हेसुकचा चेहरा होता, आणि त्यावर एकतीस वर्षांत न दिसलेला आदर.

त्याने तोंड मिटलं.

"निळी चांगली दिसेल," तो म्हणाला.

"दिसू दे कशीही. खोळ घालायची आहे."

निळी पंधरा दिवसांत आली. तेव्हा मोकाकांनी वही काढून नियम दाखवला, एका घराला दोनच गाड्या, तिसरीला जागा नाही. हेसुकने एक क्षणही न दवडता जुनी सेडान विकून टाकली. त्यामुळे दोन स्पोर्ट्स कारचा मालक ब्योन जोंगमान आता सकाळी साडेसातला बसथांब्यावर उभा राहू लागला. बस येई, गच्च भरलेली असे, आणि दारातल्या माणसांच्या पोटांवर आदळून मागे फिरलेला जोंगमान पुढच्या बसची वाट पाहत असे.

डिसेंबरच्या एका सकाळी थांब्यापुढे एक टिचभर पांढरी गाडी करकचून थांबली. आत त्याच्या कारखान्यातल्या पॅकिंगच्या मिनबाई होत्या.

"मालक, थंडीत काय उभे राहिलात! बसा. मागे बसा पण, पुढे कोबी आहेत."

जोंगमान मागे, गुडघे हनुवटीला लावून बसला. मिनबाईंना उशीर झाला होता. नदीच्या बांधावरच्या रस्त्याला लागताच त्यांनी पाय दाबला, आणि ती टिचभर गाडी थरथरत, खडखडत, एकामागून एक ट्रक मागे टाकत सुटली. वळणावर कोबी एका बाजूला गडगडले, पुढच्या वळणावर परत आले. जोंगमानने काच खाली केली. गार वारा तोंडावर आला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याला आपण कुठेतरी चाललो आहोत असं वाटलं.

"किती चालली हो ही?" त्याने वाऱ्यात ओरडून विचारलं.

"दोन लाख चौदा हजार!" मिनबाई अभिमानाने ओरडल्या. "विकायला काढली तर भंगारवालासुद्धा हात लावायचा नाही!"

जोंगमानने पुढे वाकून त्या आकड्याकडे पाहिलं. पाहता पाहता शेवटचा आकडा फिरला, आणि तो कारखाना येईपर्यंत तसाच वाकून बसून राहिला.